जे आमदाराला कळते, ते मतदारालाही कळावे : नाशिक जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींना खुले पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातील सर्व पंधरा सन्माननीय आमदार,
तसेच नाशिक, दिंडोरी आणि धुळे लोकसभा मतदारसंघांचे सन्माननीय खासदार

विषय : माहिती अधिकार कायद्यातून वगळलेली तरतूद परत आणणे आणि राज्याच्या नियमांचे पुनर्विलोकन

सप्रेम नमस्कार.

माहिती अधिकाराच्या कायद्यात एक ओळ होती. जी माहिती संसदेला किंवा राज्याच्या विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असा तिचा अर्थ. २००५ पासून वीस वर्षे ती कायद्यात होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती गेली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) ने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(जे) नव्याने लिहिले आणि त्या फेरफारात ही ओळ काढून टाकली.

हे पत्र मंत्रालयाला किंवा माहिती आयोगाला न लिहिता आपल्याला लिहितो आहे ते याच ओळीमुळे. त्या ओळीने आपला आणि आमचा अधिकार एका पायरीवर ठेवला होता. सभागृहात आपण तारांकित प्रश्न विचारून जे मिळवू शकता, ते निफाडचा द्राक्ष बागायतदार किंवा सातपूरचा कामगार दहा रुपयांच्या अर्जावर मिळवू शकत होता. आता ती हमी उरलेली नाही. ती परत मागण्याचा सर्वांत मोठा अधिकार ज्यांच्या नावाने ती लिहिली होती त्यांचा, म्हणजे आपला आहे. आपल्याकडे माझी मुख्य मागणी ही एकच. पुढे बरेच लिहिले आहे, पण ते सगळे हिच्याच भोवतीचे आहे.

मी महसूल खात्यातून निवृत्त झालेला कर्मचारी. नोकरीतली बरीच वर्षे अभिलेख कक्षात गेली. रुमालात बांधलेले गठ्ठे, त्यावरच्या चिठ्ठ्या, वाळवी, गळके पत्रे हे सगळे जवळून पाहिले आहे. निवृत्तीनंतर आजूबाजूच्या लोकांना ‘जोडपत्र अ’ म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज भरून देतो, अपिले लिहून देतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना काय घडते ते मला ठाऊक आहे, आणि अधिकाऱ्यांकडे शत्रू म्हणून मी कधीच पाहत नाही.

नव्या कलमाने प्रत्यक्षात काय होते ते एका कागदावरून सांगतो. आमच्या भागातला एक अंतर्गत रस्ता वर्षाच्या आत उखडला. चार शेजाऱ्यांनी मिळून त्या कामाची नस्ती मागितली : कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने, देयके आणि दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे खराब झालेले काम ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, कधी संपते ते. मोजमाप पुस्तिका, म्हणजे कार्यालयात जिला सगळे ‘एमबी’ म्हणतात, ती आपण अनेकदा हाताळली असेल. पानावर उभे रकाने असतात. कामाचा तपशील, नग, लांबी, रुंदी, जाडी, परिमाण. खाली मोजमाप घेणाऱ्या अभियंत्याची सही आणि तारीख, त्याखाली वरिष्ठाने तपासल्याची सही. ठेकेदाराचे सगळे पैसे या पानाच्या आधारावर निघतात.

आम्हाला मिळालेल्या प्रतीत लांबी होती, रुंदी होती, जाडीही होती. तारीख जुलैतली होती. काम उन्हाळ्यात होऊन मोजमाप उशिरा घेतले गेले असेल, किंवा भर पावसात डांबर टाकले गेले असेल. या दोन्हींत फार मोठा फरक आहे, आणि तो फरक सांगू शकणारा माणूस एकच : ज्याने खाली सही केली तो. त्याच जागी झेरॉक्सवर काळ्या मार्करची जाड पट्टी होती. नाव नाही, हुद्दा नाही. सोबतच्या पत्रात एक वाक्य होते की सदर तपशील वैयक्तिक स्वरूपाचा असल्याने कलम ८(१)(जे) अन्वये वगळण्यात आला आहे.

सरकारी कामाच्या कागदावर सरकारी अधिकाऱ्याने कर्तव्य म्हणून केलेली सही ही त्याची खासगी बाब कशी होईल? जुन्या कलमाखाली हे उत्तर टिकले नसते. तिथे वैयक्तिक माहिती नाकारायची तर आधी दाखवावे लागे की तिचा सार्वजनिक कामकाजाशी किंवा हिताशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने कोणाच्या खासगीपणात नाहक ढवळाढवळ होते. आणि तसे असले तरी व्यापक जनहित असेल तर ती द्यावी असे त्याच कलमात लिहिले होते. आता त्या सगळ्या अटी गेल्या. माहिती ‘वैयक्तिक’ आहे एवढे म्हटले की पुरे. अधिकारी वैयक्तिक, ठेकेदार वैयक्तिक, लाभार्थी वैयक्तिक. ज्यावर माणसाचे नाव नाही असा सरकारी कागद मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही. टिपणी कोणीतरी लिहिलेली असते, मंजुरी कोणीतरी दिलेली असते, पैसे कोणाला तरी गेलेले असतात.

जुना काळ सोन्याचा होता असे माझे म्हणणे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या गिरीश देशपांडे प्रकरणातील निकालानंतर सेवापुस्तक, मालमत्तेची विवरणे, विभागीय चौकशीचे कागद यांना नकार मिळू लागला होताच. पण तेव्हा अपिलात भांडायला कायद्याचा आधार होता. जनहित दाखवून आयोगाकडून कागद मिळवलेली माणसे मी पाहिली आहेत. तो आधार आता कलमातच नाही.

यावर सरकारची बाजू अशी की कलम ८(२) अजून आहे : जनहित हे होणाऱ्या नुकसानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते. हे बरोबर आहे, ते कलम शाबूत आहे. पण तालुक्याच्या कार्यालयात ते कसे चालते ते पाहा. जनहिताचे वजन ठरवून माहिती खुली करण्याचा निर्णय बहुतेकदा एका कनिष्ठ जन माहिती अधिकाऱ्यावर येऊन पडतो. माहिती विनाकारण नाकारली तर त्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये शास्ती, आणि तीही आयोगासमोर प्रकरण पोहोचले तर. दुसरीकडे डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड लिहिलेला आहे. तो त्या कारकुनाच्या पगारातून जाणार नाही हे आपल्याला समजते, पण कार्यालयात त्या आकड्याची धास्ती आहे. अशा माणसाने ‘नाही’ लिहिले तर त्याला दोष देणे मला जड जाते. त्याला तसे लिहिणे भाग पाडणारा कायदा दोषी आहे.

आणखी एक गोष्ट या वाटेने गेली आहे. कलम ६(२) सांगते की अर्जदाराला माहिती कशासाठी हवी ते विचारायचे नाही. या कायद्याचा तो कणा. आता वैयक्तिक म्हणून नाकारलेली माहिती हवी असेल तर जनहित काय ते अर्जदाराने पटवून द्यायचे. म्हणजे ‘कशासाठी हवी?’ हा प्रश्न पुन्हा टेबलावर आला. ज्या माणसाला सातबारा मागतानाही तलाठ्यासमोर अवघडायला होते, तो जनहितावर युक्तिवाद काय लिहिणार?

निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी बाईंचे सांगतो. पावसाने कांद्याचे रोप गेले, पंचनामा झाला, गावात अनुदान आले. शेजारच्या बांधावरच्यांना मिळाले, यांना नाही. नाव यादीत होते का, होते तर विशिष्ट क्रमांक कोणता, ई-केवायसी अडले की बँक खाते जुळले नाही, हे त्यांना कुणी सांगेना. म्हणून त्यांनी गावाची लाभार्थी यादी आणि पंचनाम्यांची नोंद मागितली. उत्तर आले की इतर शेतकऱ्यांची माहिती वैयक्तिक आहे. आता याच कायद्याचे कलम ४(१)(ब) काढून वाचा. त्यातला बारावा मुद्दा म्हणतो की अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम वाटली आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयाने कोणी न मागता आपणहून प्रसिद्ध करायचे. एकाच कायद्यात एक कलम यादी भिंतीवर लावा म्हणते आणि दुसरे कलम यादी देऊ नका म्हणते. गावातल्या यादीत बोगस नाव आहे की नाही हे गावच ओळखू शकते. वरून तपासणीला येणाऱ्या पथकाला कोणाची जमीन कुठे आहे आणि कोण बारा वर्षांपासून मुंबईत राहतो हे माहीत नसते.

खासगीपणाचे मोल मला कळते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो मूलभूत हक्क ठरवला, ते योग्यच झाले. आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल, आजारपणाचे कागद, एकट्या राहणाऱ्या बाईचा पत्ता हे कोणाच्याही हाती पडता कामा नये. पण त्यासाठी नवे कलम कशाला हवे होते? कलम १० आधीपासून आहे. कागदातला न देण्याजोगा भाग झाकून उरलेला द्यावा असे ते सांगते. लाभार्थी यादीतला खाते क्रमांक झाका, नाव आणि रक्कम राहू द्या. त्या न्यायपीठाने समतोल साधायला सांगितले होते, आणि जुन्या ८(१)(जे) मध्ये तो समतोल होता.

खासगीपणाचीच काळजी असेल तर ती अर्जदाराचीही करा. अर्ज दुपारी आवकला पडला की संध्याकाळी ठेकेदाराचा फोन येतो, हे जिल्ह्यात अर्ज टाकणाऱ्या कोणालाही विचारा. नाव, घरचा पत्ता, मोबाइल सगळे पोहोचलेले असते. तळेगाव दाभाड्यात जमिनीचे व्यवहार उघडकीस आणणारे सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये संमत केला, तो आजतागायत लागू झालेला नाही. खासदार महोदय, लोकांना माहिती नाकारणारे कलम दोन वर्षांत लागू होते आणि माहिती मागणाऱ्याचा जीव वाचवणारा कायदा दहा वर्षांहून अधिक काळ पडून राहतो, याचा जाब आपण सभागृहात विचारावा.

माहिती अधिकाराचा धंदा करणारे लोक आहेत, हेही आपण मला सांगाल. आहेत. एकाच बांधकामाच्या नस्तीवर अर्जामागून अर्ज टाकायचे आणि मग ‘बसून मिटवू’ म्हणायचे, असे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्यामुळे खऱ्या अर्जदाराकडे संशयाने बघितले जाते याचा मला संताप आहे. पण त्यांचा धंदा कशावर चालतो? कागद बंद असतो म्हणून. बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा, भोगवटा दाखला, एमबी, देयक हे सगळे आपणहून संकेतस्थळावर ठेवले तर ते दडपण्याचे पैसे कोण देईल? कायदा आवळल्याने हा दलाल मरत नाही, उलट त्याचा भाव वाढतो. सरळ अर्ज करणारा तेवढा मागे हटतो.

म्हणून कलम ४ वर जास्त बोलायला हवे. कायदा झाल्यापासून १२० दिवसांत प्रत्येक कार्यालयाने सतरा मुद्द्यांची माहिती प्रसिद्ध करायची होती आणि ती वेळोवेळी अद्ययावत ठेवायची होती. कार्यालयांतून फिरून पाहा. फलकावर जन माहिती अधिकारी म्हणून ज्यांचे नाव आहे ते बदलून गेलेले असतात, कधी निवृत्तही झालेले असतात. याला शास्ती नाही, हे त्यामागचे साधे कारण. कलम २० खाली अर्जाला उत्तर न दिल्याबद्दल दंड होतो, आपणहून माहिती प्रसिद्ध न केल्याबद्दल नाही. कायद्याचे पुनर्विलोकन करायचे तर इथून सुरू करावे, असे माझे ठाम मत आहे. अर्ज जास्त येतात ही तक्रार प्रत्येक खाते करते. ज्या गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा अर्ज येतो ती आधीच भिंतीवर लावली तर अर्ज कमी होतील. राजस्थानने २०१९ मध्ये जन सूचना पोर्टल सुरू करून योजनांची गावनिहाय माहिती उघडी ठेवली. ज्या महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याखाली, माहिती अधिकाराचा कायदा केला होता, त्याला हे अवघड नाही.

आणि नाशिकला याची गरज आज आहे. सिंहस्थ तोंडावर आला. हजारो कोटींची कामे निघाली आहेत, त्यासाठी स्वतंत्र कुंभमेळा प्राधिकरण झाले आहे. घाट, रस्ते, पूल, मलनिस्सारण केंद्रे, साधुग्राम. कामाची घाई आहे आणि घाईत कागद मागे राहतो हे मी नोकरीत शिकलो. तपोवनातल्या झाडांचा प्रश्न आठवा. साधुग्रामासाठी झाडे तोडण्याची नोटीस आल्यावर लोक रस्त्यावर उतरले. कोणती झाडे, किती जुनी, पर्यायी जागा पाहिली होती का, पुनर्रोपण कुठे, हे सगळे आधीच नकाशासह समोर ठेवले असते तर चर्चा झाली असती. संघर्ष कदाचित टळलाही असता. लोकांना नोटिशीतून कळले की त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून संशय बसतो आणि मग खरे सांगितलेलेही कोणी ऐकत नाही.

गोदावरीचेही तेच. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथल्या मलनिस्सारण केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी होते, तिचे अहवाल असतात. ते मिळवायला नागरिकाने दर पानाला दोन रुपये भरून महिनाभर का थांबायचे? रामकुंडावर स्नानाला उतरणाऱ्या माणसाला त्या पाण्याचा बीओडी (सेंद्रिय प्रदूषणाचे माप) किती, कोलिफॉर्म (मैल्यातले जंतू) किती, हे तिथल्या फलकावर दर आठवड्याला वाचता आले पाहिजे. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला चेंगराचेंगरी झाली, ३९ भाविक गेले. पोलिसांच्या सुरक्षेचा आराखडा उघडा करा असे मी म्हणणार नाही, ते गैर होईल. पण गर्दीचे मार्ग, बाहेर पडण्याच्या वाटा, बॅरिकेडिंगची कामे कोणाकडे, हे पंचवटीतल्या रहिवाशांना आधीपासून माहीत असणे त्यांच्याच जिवासाठी गरजेचे आहे. कुंभाच्या प्रत्येक कामाचा कार्यारंभ आदेश, ठेकेदाराचे नाव, देखरेख करणाऱ्या अभियंत्याचे नाव, एमबीची पाने आणि प्रत्येक देयक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर महिन्याच्या महिन्याला पडावे. यासाठी कायद्यात एक अक्षरही बदलावे लागत नाही, आजच्या कलम ४ खालीच ते करता येते. आपण पंधरा जण एका निवेदनावर सह्या केल्यात तर ते होईल.

राज्याच्या हातात आणखी बरेच आहे. माहिती अधिकाराचे नियम राज्य शासन करते आणि ते विधिमंडळासमोर ठेवावे लागतात. २०१२ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा घातली. रस्त्याचे काम आणि त्याच रस्त्याखालून गेलेली गटार हे दोन विषय ठरवून अर्ज परत आलेला मी पाहिला आहे. ही अट काढा, किंवा निदान तिच्या आधारे अर्ज फेटाळता येणार नाही असे नियमातच लिहा. दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात अर्ज न करता अभिलेख पाहू देण्याचा निर्णय शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये घेतला. अतिशय चांगला निर्णय. जिथे तो मनापासून राबवला जातो तिथे माणूस येतो, नस्ती पाहतो, शंका फिटली की निघून जातो, अपील नाही की सुनावणी नाही. पण तो परिपत्रकावर उभा आहे. अनेक कार्यालयांत त्याची आठवण करून द्यावी लागते. त्याला नियमाचे बळ द्या.

‘नस्ती आढळून येत नाही’ हे उत्तर तर मला व्यक्तिशः लागते. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण कशासाठी असते? कोणता कागद कायमचा, कोणता तीस वर्षांचा, कोणता वर्षभराचा हे ठरलेले असते. नीट वर्गीकरण केलेली नस्ती हरवत नाही. ती हरवली असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली जबाबदारी निश्चित व्हायला हवी, तिथे ‘आढळत नाही’ लिहून मोकळे होता येत नाही. अभिलेख कक्षाला माणसे द्या, रॅक द्या, स्कॅनिंगला निधी द्या. जिल्हा नियोजनातून कितीतरी गोष्टींना पैसा मिळतो.

मग अपिले. पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे जाते. त्याने ४५ दिवसांत निर्णय दिला नाही, सुनावणीच घेतली नाही, तरी त्याला कलम २० लागू नाही. दंड फक्त खालच्याला. ही उणीव कायद्यात पहिल्या दिवसापासून आहे आणि ती भरून काढायला हवी. दुसरे अपील ९० दिवसांत करा असे कायदा नागरिकाला सांगतो, पण आयोगाने ते किती दिवसांत निकाली काढावे यावर कायदा गप्प आहे. नाशिकला आयोगाचे खंडपीठ आहे, ही आपल्या विभागाची मोठी सोय. पण राज्यभरातली प्रलंबित अपिले आणि तक्रारी लाखावर असल्याचे माहिती आयोगांच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या सतर्क नागरिक संगठन या संस्थेच्या अहवालांतून २०२३ मध्येही दिसले आणि २०२४ मध्येही. रस्त्याचा दोष दायित्व कालावधी संपल्यावर त्या रस्त्याची एमबी मिळून काय करायचे? अनुदानाचे वर्ष उलटल्यावर यादी कोणाच्या कामाची?

कायद्याने राज्यात मुख्य आयुक्तांखेरीज दहापर्यंत आयुक्त नेमता येतात. पद रिकामे होण्याच्या महिना-दोन महिने आधीच नेमणुकीची प्रक्रिया सुरू करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अंजली भारद्वाज प्रकरणात सांगितले आहे. त्याच वर्षी झालेल्या कायदादुरुस्तीने मात्र आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. राज्याच्या आयुक्तांचाही. आधी कायद्यातच पाच वर्षांची मुदत होती, आता केंद्राच्या नियमांनी तीन वर्षांची. विधानसभेला उत्तरदायी असलेल्या सरकारचे कागद उघडायचे की नाही हे ज्याने ठरवायचे, त्याच्या पगाराचा निर्णय दिल्लीत व्हावा, हे राज्याच्या एकाही आमदाराला खटकू नये? पक्ष कोणताही असो, हा प्रश्न महाराष्ट्राच्या स्वायत्ततेचा आहे.

या दोन्ही दुरुस्त्या कशा झाल्या हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. २०१९ चे विधेयक स्थायी समितीकडे गेले नाही. २०२३ चे विधेयक ३ ऑगस्टला मांडले गेले आणि ९ ऑगस्टपर्यंत दोन्ही सभागृहांतून बाहेर पडले. २००५ चा मूळ कायदा मात्र समितीत घासूनपुसून झाला होता. राजस्थानातल्या खेड्यापाड्यांत मजुरांनी हजेरीपत्रके मागितली, जनसुनवाया झाल्या, १९९६ मध्ये ब्यावरला धरणे धरले गेले, त्यातून तो उभा राहिला. लोकांनी मागून घेतलेल्या कायद्यात बदल करताना लोकांना विचारायला हवे होते.

आता नेमके मागणे. आमदार महोदयांनी येत्या अधिवेशनात अशासकीय ठराव मांडावा, की कलम ८(१)(जे) चा २००५ चा मजकूर त्या वगळलेल्या ओळीसह पूर्ववत करावा अशी शिफारस हे सभागृह केंद्राला करते. सत्ताधारी आणि विरोधी दोन्ही बाजूंच्या सह्या त्यावर असाव्यात. माहिती आयोगाचा वार्षिक अहवाल कलम २५ प्रमाणे सभागृहासमोर ठेवला जातो. तो पटलावर आला की त्यावर चर्चा मागावी. नियमांतली १५० शब्दांची अट, सोमवारची पाहणी आणि आयोगातल्या रिक्त जागा यांवर लक्षवेधी लावावी. खासदार महोदयांनी अशासकीय विधेयक आणावे. ते संमत होणार नाही हे मला कळते, पण ते संसदेच्या नोंदीत येईल आणि चर्चेला आले तर सरकारला त्यावर उत्तर द्यावे लागेल. त्या विधेयकात दुसऱ्या अपिलाला कालमर्यादा, अपिलीय अधिकाऱ्याला शास्ती आणि कलम ४ न पाळणाऱ्या कार्यालयप्रमुखाला शास्ती या तीन गोष्टी घालाव्यात.

तोपर्यंत एक गोष्ट आपल्याला आजच करता येईल. त्या रस्त्याच्या एमबीची प्रत आपण मागितलीत तर ती आपल्याला काळ्या पट्टीविना मिळेल. निफाडची ती यादीही मिळेल. अशा प्रकारे नाकारलेली प्रकरणे घेऊन लोक आपल्या संपर्क कार्यालयात येतील. त्यांचे अर्ज आणि त्यांना मिळालेली उत्तरे घ्यावीत, तीच माहिती आपल्या नावाने मागवावी आणि आलेला कागद त्यांच्या हाती द्यावा. किती प्रकरणांत मतदाराला नाकारलेले आमदाराला मिळाले, ही यादी तयार झाली की ठरावासोबत सभागृहात तीच जोडता येईल. अर्जांच्या प्रती लावून, तारीखवार तक्ता करून देण्याचे काम मी आणि माझ्यासारखे निवृत्त सहकारी विनामूल्य करू. कोणत्या दिवशी यायचे तेवढे आपल्या कार्यालयाने कळवावे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त महसूल कर्मचारी आणि मतदार
नाशिक